आकडा लिहायचा राहिलाय तुझा

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

ताई नमस्कार. मी मूळचा जळगावचा, वय २३, पिट्सबर्गला स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करतोय, दुसरं सेमिस्टर आहे. माझा दिवस कसा जातो ते सांगतो म्हणजे कळेल. सकाळी साडेनऊला लेक्चर, मग लॅब, दुपारी टीए म्हणून ज्युनियर पोरांना प्रोबॅबिलिटी शिकवतो. चारनंतर ग्राउंडवर सॉफ्टबॉल, मी कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा), शाळेत असताना स्टेटपर्यंत खेळलोय. संध्याकाळी पायरेट्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, होम मॅच असली तर वरच्या स्टँडचं स्वस्तातलं तिकीट काढतो, नाहीतर फोनवर बघतो, आणि मॅच चालू असताना अॅपवर पैसे लावतो. बेसबॉल मला कळतो त्यामुळे मी उगाच अंदाजपंचे लावत नाही. मॅच संपली की नदीकाठानं चालत वीसेक मिनिटांवर कॅसिनो आहे, तिथे रुलेट. रूमवर यायला दोन-अडीच होतात. फेब्रुवारीत एका रात्रीत ६४० डॉलर जिंकलो. नंतर मात्र बरेच गेले. रूममेटकडून थोडे घेतलेत. दोन विषयांत मागे पडलोय आणि फायनल्स तीन आठवड्यांवर आल्यात. बाबांनी जळगावचं घर तारण ठेवून लोन काढलंय. मला व्यसन वगैरे नाही, गेलेले भरून निघाले की बंदच करणार आहे, त्यासाठी एखादी नीट सिस्टीम असेल तर सांगा. आणि घरी सांगू का नको?

— एक विद्यार्थी, पिट्सबर्ग

अरे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि तेव्हा एक गोष्ट दिसली ती आधी सांगते कारण मला वाटतं सगळं तिथेच अडकलंय. लेक्चर किती वाजता ते तू लिहिलंस, रूमवर किती वाजता येतोस ते लिहिलंस, कुठल्या महिन्यात किती जिंकलास ते तर अगदी डॉलरपर्यंत लिहिलंस, पण गेले किती तिथे "बरेच" आणि रूममेटकडून घेतले किती तिथे "थोडे". तू स्टॅटिस्टिक्सचा मुलगा आहेस. तुझ्या सेक्शनमधल्या पोरानं उत्तराच्या जागी "बरेच" लिहून पेपर दिला तर तू तो तपासू तरी शकशील का? तुला खरा आकडा माहीत नाही असं नाही, बँकेचं अॅप तुझ्या खिशातच आहे, तू बेरीज करायचं टाळतोयस. हे मी तुला रागावून सांगत नाहीये, मी हे घरात बघितलंय म्हणून सांगतेय.

माझा एक मामा होता सोलापूरला, मिलमध्ये कामाला. मटका लावायचा. खिशात सदानकदा बारक्या चिठ्ठ्या, त्यावर निळ्या पेनानं आकडे, ओपन काय आला क्लोज काय येणार. मामी कपडे भिजवायच्या आधी सदऱ्याचे खिसे चाचपून बघायची, एखाद्या वेळी राहून गेलं की बादलीत चिठ्ठीचा लगदा व्हायचा आणि सदऱ्याच्या खिशावर निळा डाग, तो डाग शेवटपर्यंत जायचा नाही, मामाचे तीनही सदरे तसे होते. किती लावलेस असं मामीनं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "जास्त नाही गं, थोडेच." तो गेला तेव्हा मी कॉलेजात होते. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी माणसं दारात यायला लागली, प्रत्येकाकडे वही, प्रत्येक वहीत मामाचं नाव आणि पुढे आकडा. मामीला तो आकडा पहिल्यांदा परक्या माणसांच्या तोंडून कळला. तिच्या पाटल्या आधीच गेल्या होत्या, त्या मोडल्यात हेसुद्धा तिला तेव्हाच समजलं. मामा वाईट माणूस नव्हता रे, आमच्यावर फार जीव होता त्याचा. त्याला फक्त ती एक बेरीज कुणासमोर मोठ्यानं म्हणता आली नाही.

म्हणून तू सिस्टीम मागितलीस तेव्हा मी जरा हबकलेच, कारण मामाकडेही सिस्टीम होती, एक जुनी डायरी, त्यात वर्षावर्षाचे आकडे.

आता बेसबॉलचं बघू, कारण तुझा खरा जीव तिथे आहे हे पत्रात दिसतं. जळगाव, अमरावतीकडे शाळांमधून सॉफ्टबॉल खेळतात हे इथल्या आपल्याच लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही, आणि तू तिथून येऊन इथे कॅचर म्हणून उभा राहतोस याचं मला खरंच कौतुक वाटलं. मी स्वतः पिट्सबर्गमध्ये सात वर्षं काढलीत. आलो तेव्हा बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिकिटं दिली म्हणून गेलो. मॅचच्या दिवशी तो पिवळा क्लेमेंटे ब्रिज गाड्यांना बंद असतो, सगळी माणसं रस्त्याच्या मधून चालत जातात, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि आत गेलं की समोर नदी आणि पलीकडे सगळं डाउनटाउन. मला तर पंढरपूरच्या वाटेवर असल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. नंतर रॉबर्टो क्लेमेंटे कोण ते वाचलं. पायरेट्सचा माणूस, बरोबर ३००० हिट्स, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना विमान समुद्रात पडून गेला. स्टेडियममधली उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे ती त्याच्या २१ नंबरच्या जर्सीसाठी. हे तुला माहीतच असेल, पण मला सांग, शेवटच्या चार मॅचमध्ये तू त्या भिंतीकडे बघितलंस का? का मान खाली घालून फोनवर भाव कसा हलतोय ते बघत होतास? कॅचर आहेस ना, पिचरच्या हातातून बॉल सुटताना बोटं कुठे होती हे तुझ्याइतकं कुणाला दिसणार, आणि तेवढ्या वेळात तू पुढचा बॉल का स्ट्राइक यावर दहा डॉलर लावत असशील तर ती मॅच तुझ्यासमोर होऊनही तुला दिसलेली नाही.

"बेसबॉल मला कळतो" हे तू लिहिलंस. कळतो, मान्य. पण खेळ कळणं आणि खेळावर पैसे लावून जिंकणं या दोन साफ वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्याच टीमचं घे. पॉल स्कीन्स, २०२५ मध्ये नॅशनल लीगचा साय यंग अवॉर्ड, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, एकमतानं मिळाला, इआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन) १.९७, म्हणजे त्या वर्षी त्याच्यापेक्षा भारी पिचर लीगमध्ये नव्हता. आणि त्याचा स्वतःचा रेकॉर्ड? १० जिंकल्या, १० हरल्या. लीगमधला सगळ्यात चांगला माणूस माउंडवर आणि निकाल छापा-काटा, कारण त्याच्या मागे बॅटिंगला जी टीम होती ती त्या सीझनला ७१ जिंकून ९१ हरली. त्याच सीझनला सगळ्यात जास्त मॅच मिलवॉकीनं जिंकल्या, ९७, आणि तरी ६५ हरल्याच. हा खेळच असा आहे, १६२ मॅचचा, एका रात्रीत कुणीही कुणालाही हरवतं, म्हणून तर लोक रोज बघतात. आणि स्कीन्स चांगला आहे हे तुला एकट्याला माहीत आहे का? भाव ठरवणाऱ्यालाही माहीत आहे, त्यानं ते आधीच भावात धरलंय.

आणि तुझ्यापेक्षाही ज्याला जास्त कळत होतं त्याचं काय झालं ते बघ. टुकुपिटा मार्कानो, पायरेट्सकडूनच खेळायचा. २०२३ मध्ये दुखापत होऊन बाहेर बसला होता तेव्हा बेसबॉलवर पैसे लावत होता, आपल्याच टीमच्या मॅचवरसुद्धा. बेसबॉलवर एकूण दीड लाख डॉलरच्या वर लावले. कोण फिट आहे, कुणाचा खांदा दुखतोय हे सगळं ज्याच्या कानावर पडत असणार असा माणूस. मेजर लीगनं (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) चौकशीनंतर जे जाहीर केलं त्यात असं होतं की पायरेट्सवरची त्याची एकूण एक पार्ले बेट (अनेक निकालांवर एकत्र लावलेली, एक चुकला की सगळी गेली) हरली आणि मेजर लीगवरच्या सगळ्या बेट मिळून तो फक्त ४.३ टक्के जिंकला. जून २०२४ मध्ये त्याला आयुष्यभरासाठी बाहेर काढलं, वय तेव्हा २४, म्हणजे तुझ्याहून एकच वर्षानं मोठा. मला त्या बातमीचं अजून वाईट वाटतं.

डॉजर्सचा जपानी स्टार ओहतानी, त्याच्या इंटरप्रिटरचं प्रकरण तर सगळ्या जगानं वाचलं. तोही हरलेलं भरून काढायला लावत गेला, जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर दुसऱ्याच्या खात्यातून काढले आणि ५७ महिन्यांची शिक्षा झाली. मी तुला त्याच्या रांगेत बसवत नाहीये. पण "भरून निघालं की बंद" हे वाक्य त्यानंही शंभरदा स्वतःशी म्हटलं असणार.

आता गणित करू, तुझ्याच विषयातलं आहे. पार्ले तू लावतोस असं पत्राच्या इथे न छापलेल्या मधल्या भागात आहे, चार-चार मॅचच्या. नेहमीचा भाव धर, ११० लावले तर १०० मिळतात. चारही जमायची शक्यता सोळात एक, आणि जमलं तर शंभराचे मिळतात साधारण १३२८. म्हणजे सोळा वेळा शंभर-शंभर लावलेस, एकदा लागली, तर १६०० घालून १३२८ हातात, २७२ गेले, आणि तुला आठवणार काय तर ती एक लागलेली. ६४० चं तसंच आहे, म्हणून तो आकडा तुला तोंडपाठ आहे.

रुलेट. अमेरिकन चाकावर ३८ खाने, १ ते ३६ आणि वर दोन हिरवे, शून्य आणि डबल शून्य. प्रत्येक खान्यावर एक-एक डॉलर ठेवलास तर ३८ जातात आणि ३६ परत येतात, चाक कुठेही थांबो. मटक्यात आकडे दहा आणि रुपयाला नऊ मिळायचे, म्हणजे शेकड्याला दहा जायचे, इथे सव्वापाच जातात. ऐकायला हे बरं वाटतं, पण मामाला दिवसातून दोनदाच लावता यायचं आणि मधल्या वेळात तो मिलमध्ये काम करायचा, तुझ्यासमोर ते चाक तासाला चाळीस वेळा फिरतं. दर खेपेला २५ डॉलर धरलेस तर तासाला हजार डॉलर त्या टेबलावरून फिरले आणि सरासरीनं त्यातले ५२-५३ तिथेच राहिले, चार तासांचे २१० झाले, आपल्याकडचे अठरा हजारांच्या वर. हे नशीब फुटकं असताना नाही, नशीब अगदी ठीकठाक असताना.

त्याच न छापलेल्या भागात तू लिहिलंस की सलग पाच-सहा वेळा काळा आला की मग लाल लावतोस आणि हरलास की डबल करतोस. अरे, टेबलावरचा तो बोर्ड मागचे आकडे दाखवतो ते तू तसं करावंस म्हणूनच दाखवतो. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोला एका रात्री सलग २६ वेळा काळा आला होता, आणि आता तरी लाल येईलच म्हणून लोकांनी लाल लावत लावत लाखो घालवले. चाकाला मागचं काही आठवत नाही, हे तू दुपारी त्या पोरांना फळ्यावर लिहून देतोस ना? आणि डबल करायचं म्हणशील तर १५ पासून धर, १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०, ९६०, सात वेळा हरलास की १९०५ डॉलर गेले, आणि हे सगळं कशासाठी, तर शेवटी १५ डॉलर वर यावेत म्हणून. सलग सात वेळा हरणं साधारण नव्वदात एकदा होतं. तू आठवड्यातून तीन-चार रात्री जातोस, म्हणजे ते तुला भेटणारच, आणि बहुतेक भेटून गेलंय, मार्चमधल्या त्या शनिवारी, ज्याबद्दल तू फक्त "त्या दिवशी जरा जास्त झालं" एवढंच लिहिलंयस.

तेव्हा तू मागितलेली सिस्टीम नाहीये. असती तर मी लपवून ठेवली नसती. गेलेले पैसे गेले, ते टेबलावरून परत येणार नाहीत, ते येतील तर तुझ्या डिग्रीतून आणि नोकरीतून येतील, आणि त्याला वेळ लागेल. हे स्वीकारणं या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, मला माहीत आहे. व्यसन आहे का नाही यावर मी तुझ्याशी वाद घालत नाही, फक्त एवढं सांगते की २०१३ पासून मानसोपचाराच्या पुस्तकात जुगाराची समस्या दारू आणि ड्रग्जच्याच प्रकरणात ठेवली आहे आणि त्यात बघायच्या गोष्टींमध्ये गेलेले परत मिळवायला पुन्हा खेळायला जाणं आणि घरच्यांपासून लपवणं या दोन आहेत. दोन्ही तुझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर आहेत.

मग करायचं काय. आज रात्री जेवण झालं की बसायचं, जानेवारीपासूनचं बँक स्टेटमेंट, क्रेडिट कार्ड, त्या अॅपमधली डिपॉझिट हिस्टरी, कॅसिनोतल्या एटीएमचे विड्रॉवल, सगळं एका कागदावर. एक्सेलमध्ये नको, कागदावर हातानं, म्हणजे प्रत्येक आकडा लिहावा लागतो. खाली बेरीज. रडू येईल कदाचित, येऊ दे. मग तो कागद घेऊन रूममेटसमोर बसायचं आणि बेरीज तोंडानं वाचून दाखवायची, त्याचे किती आहेत तेही त्यात वेगळे लिहायचे. रूममेटच का, तर तो तुला रात्री अडीचला दार उघडून देतो, त्याला अर्धं माहीतच आहे, आणि त्याचे पैसे अडकलेत म्हणून त्याला ऐकायचा हक्क आहे. त्याला म्हण की पुढचे तीन महिने माझं डेबिट कार्ड तू ठेव, किराणा आणि भाडं दोघं मिळून भरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री नाही, सकाळी डोकं थंड असताना, पेनसिल्व्हेनियाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाच्या सेल्फ-एक्सक्लूजन लिस्टमध्ये नाव घाल. म्हणजे तू स्वतःहून लिहून देतोस की मला आत घेऊ नका. कॅसिनोसाठी एक वर्ष, पाच वर्षं किंवा कायमचं असं निवडता येतं, ऑनलाइनसाठी वेगळी लिस्ट आहे, एक किंवा पाच वर्षांची, दोन्हींत नाव घालायचं, एकीत घालून दुसरं दार उघडं ठेवायचं नाही. त्यानंतर कॅसिनोत गेलास तर बेकायदा शिरल्याचा गुन्हा लागू शकतो आणि जिंकलेलं काही असलं तर तेही जप्त होतं. एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला पोलीस केस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, तर ती भीती इथे तुझ्या उपयोगाची आहे. मी तुझ्या जागी असते तर पाच वर्षांचं घातलं असतं. एका वर्षात माणूस दिवस मोजत बसतो.

आणि फोन कर, १-८००-४२६-२५३७, अक्षरांत गॅम्बलर असाच तो नंबर लागतो, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. इंग्लिशमध्ये हे सगळं कसं सांगू असं वाटत असेल तर तू मला लिहिलेलं पत्रच इंग्लिशमध्ये लिहून काढ आणि वाचून दाखव. कॉलेजचं काउन्सेलिंग सेंटर आहे, तिथे बोललेलं सहसा बाहेर जात नाही, तुझ्या प्रोफेसरला कळत नाही, व्हिसावाल्यांना कळत नाही. आपल्या मुलांना याचीच भीती वाटते आणि त्या भीतीपायी ती एकटी पडतात. गॅम्बलर्स अॅनोनिमसच्या मीटिंग असतात, १९५७ पासून चालू आहे ते, घरबसल्या ऑनलाइनसुद्धा बसता येतं, पहिल्या दिवशी नुसतं ऐकलंस तरी चालतं. आणि एखाद्या रात्री बेरीज बघून सगळंच नकोसं वाटलं, जिवाचं काही बरंवाईट मनात आलं, तर त्या क्षणी ९८८ ला, म्हणजे अशा वेळच्या हेल्पलाइनला फोन, रूममेटला उठव, किती वाजलेत ते बघायचं नाही. कर्ज फेडता येतं, कितीही मोठं असलं तरी.

अभ्यासाचं. दोन विषय मागे आहेत आणि तीन आठवडे हातात आहेत, हे निभतं. पण घाबरून एखादा विषय सोडायचा नाही, आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये जायचं, कारण एफ-१ ला फुल-टाइमच्या खाली गेलास तर स्टेटसचाच प्रश्न येतो, जुगारापेक्षा तो परवडणार नाही. दोन्ही प्रोफेसरना मेल टाक, कारण सांगायचं नाही तर "पर्सनल अडचण" एवढंच लिही आणि भेटायची वेळ माग. टॅक्सचंही त्याच ऑफिसला विचारून घे. आपल्या एफ-१ च्या मुलांना पहिली पाच वर्षं नॉन-रेसिडेंट धरतात आणि नॉन-रेसिडेंटला स्लॉट मशीन किंवा स्पोर्ट्स बेटमध्ये जिंकलेल्यावर ३० टक्के टॅक्स लागतो, वर हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. रुलेट, ब्लॅकजॅकला हा टॅक्स नाही, पण तुझं अर्धं खेळणं अॅपवरचं आहे. म्हणजे एका मॅचला २०० आले, दुसरीला २०० गेले, तुझ्या हिशोबात बरोबरी झाली आणि सरकारच्या हिशोबात तुला २०० मिळाले. हे अॅपवर कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

बेसबॉल मात्र सोडू नकोस. सॉफ्टबॉल तर अजिबात नाही, चारनंतरचे ते दोन तासच तुझ्या दिवसात असे आहेत की ज्याबद्दल तू लाजून काही लिहिलेलं नाहीस. मॅचला जायचं तर महिनाभर रात्रीच्या नको, रविवारच्या दुपारच्या बघ, कुणाला तरी बरोबर घे, आणि सुटल्यावर नदीकाठानं चालायचं नाही, सरळ ब्रिज ओलांडून डाउनटाउनला यायचं आणि शहरातल्याच ओकलंड भागाची बस पकडायची. फोन बॅगेत. हाताला चाळा म्हणून स्कोअरकार्ड भर, पेन्सिलनं, जुन्या लोकांसारखं. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, ऐंशीच्या पुढचे, त्यांनी मला शिकवलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला एक नंबर, पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. डबल प्ले झाला, म्हणजे एकाच बॉलवर दोघं आउट, तर ६-४-३, बॉल ज्या क्रमानं हातोहात गेला तसा. स्ट्राइकआउटला के, आणि बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर उलटा के. एकदा मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत होते आणि एक बॉल हुकला, तर त्यांनी माझं कार्ड ओढून घेतलं, तिथे बारीक टिंब दिलं आणि म्हणाले की आता ही जागा कोरीच राहणार. नऊ इनिंग असं कार्ड भरायला बसलं की खरंच दुसरं काही सुचत नाही, आणि तू तर कॅचर, तुझं कार्ड माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं होईल.

आता घरी. सांगायचं, होय. पण अशा घाईनं नाही की रात्री अडीचला व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या आणि फोन बंद करून झोपलास, तसं केलंस तर ती दोघं तिकडे दिवसभर वेडी होतील. कागदावरची बेरीज झाली, रूममेटला सांगून झालं, लिस्टमध्ये नाव घालून झालं, की मग रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल कर, जळगावला संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, दिवे लागलेले असतात, बाबा घरी असतील. आईला आणि बाबांना दोघांनाही बसव, एकट्या आईला सांगून "बाबांना सांगू नकोस" असं करू नकोस, ते ओझं तिच्यावर टाकायचं नाही, माझ्या मामीनं वीस वर्षं अशी ओझी वाहिली. पहिल्या दोन मिनिटांत आकडा सांग. मग काय थांबवलंस ते सांग. मग पैसे कसे फेडणार ते सांग, कॅम्पसवर टीएचे धरून आठवड्याला वीस तास काम, समरला कॅम्पसवरच मिळेल ते, रूममेटचे आधी. बाबा बोलतील. कदाचित खूप बोलतील, कदाचित काहीच न बोलता कॅमेऱ्यासमोरून उठून जातील, आणि ते जास्त लागेल तुला. उठून गेले तरी फोन ठेवू नकोस, आईशी बोलत बसून राहा. ते परत येतील. घर त्यांनी भिंतींसाठी तारण ठेवलेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय, त्यांना एवढंच बघायचं असेल की पोरगा आपल्यापाशी खरं बोलतोय.

पैसे पाठवा असं त्या फोनवर म्हणायचं नाही. ते स्वतःहून म्हणाले तरी, निदान त्या दिवशी, नको म्हण.

मला पुन्हा पत्र लिही. मे महिन्यात, फायनल्स झाल्या की. मोठं नको. पहिल्या ओळीत आकडा, दुसऱ्या ओळीत बाबा काय म्हणाले, आणि जमलं तर एका मॅचच्या स्कोअरकार्डाचा फोटो.

तुझी,
ताई